लॅपटॉप घेण्यापूर्वीं

दरवर्षीं शाळा उघडण्याच्या सुमारास कांहीं पालक दुकानाचीं पत्रकें घेऊन आम्हांकडे येतात व "सर, यांतला कोणता घ्यावा?" असें विचारितात. यंदां आलेल्या एका शेतकरी गृहस्थांच्या पत्रकावर एका लॅपटॉपभोंवतीं शाईचें वर्तुळ होतें, आणि त्या वर्तुळांत 'मल्टिमीडिया' हा शब्द ठळक अक्षरांत झळकत होता. मुलाचा अभ्यास व्हावा, घरच्यांस टेलिव्हिजन पाहतां यावा आणि वेळ चुकल्यास कार्यक्रम मुद्रित करून ठेवतां यावा, असा त्यांचा तिहेरी हेतु. आम्हीं एकच प्रश्न केला: "मुद्रित काय करावयाचें आहे?" ते हंसून म्हणाले, "तें मग पाहूं. आधीं यंत्र तर येऊं द्या!"

आमच्या मतें पालकांचे पैसे बुडतात ते याच घाईंत. बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टान्त आपण मुलांस शिकवितों, पण दुकानाच्या पायरीवर तो विसरतों. टेलिव्हिजन नुसता पाहावयाचा असेल तर आज मिळणारा बहुतेक कोणताहि लॅपटॉप पुरतो. पाहिलेलें राखावयाचें असेल, तर मात्र निवडीचा आरंभ दुकानांतून न होतां घराच्या छपरावरून झाला पाहिजे.

'मल्टिमीडिया' या शब्दास एके काळीं खरोखरच माप होतें. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत संगणक-व्यवसायांतील कंपन्यांनीं मिळून त्याचा दर्जा ठरविला होता: २ मेगाबाइट स्मृति, ३० मेगाबाइटांची हार्ड डिस्क, सीडी वाचण्याची सोय व ध्वनीचें कार्ड. आज शाळेच्या शिपाईबुवांच्या खिशांतील फोनहि ही कसोटी सहज उतरतो. तेव्हां या शब्दासाठीं कोणी पैसाहि जास्त देऊं नये.

"पण सर, राखावयाचें कशाला? सगळें इंटरनेटवर असतेंच कीं," असें आमचे विद्यार्थी म्हणतात. इंटरनेटवरील कार्यक्रम दाखविणाऱ्याचा करार असेपर्यंतच तेथें असतो. करार संपला कीं तो निमूटपणें नाहींसा होतो, आणि आपण मात्र तो आपलाच आहे असें समजत असतों. ज्यांनीं कार्यक्रम निर्माण केले त्यांनीं तरी ते जपले काय? ब्रिटनच्या बी. बी. सी. नें १९६० नंतरच्या दशकांतील 'डॉक्टर हू' या मालिकेच्या कित्येक फिती पुसून पुन्हां वापरल्या. त्या भागांचीं चित्रें गेलीं. ध्वनि मात्र सर्व भागांचा उरला, कारण कांहीं प्रेक्षकांनीं तो आपल्या घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरून घेतला होता. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं मॅरियन स्टोक्स नांवाच्या बाईंनीं सुमारें तीस वर्षें रात्रंदिवस टेलिव्हिजनच्या बातम्या मुद्रित केल्या. २०१२ सालीं त्या वारल्या तेव्हां मागें सुमारें ७०,००० फिती होत्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्यांस काय म्हटलें असेल तें असो, आज त्यांच्या संग्रहाकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहतात.

एवढ्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. १९८८ ते १९९० या काळांत 'महाभारत' रविवारीं सकाळीं लागे, आणि आमच्या घरीं ती वेळ उपासनेची. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला कीं आम्हां मुलांची चुळबूळ सुरू होई. आळींत एका घरीं व्ही. सी. आर. होता; त्यांनीं तो भाग उतरून ठेविला कीं सायंकाळीं आम्ही ओळीनें जमिनीवर बसून तो पाहत असूं. देवाची वेळ देवास आणि भीमाची वेळ भीमास मिळाली. मुद्रणाचा खरा उपयोग आम्हांस त्या ओटीवर कळला. आपली वेळ आपल्या हातीं राहते, हाच तो उपयोग.

शाळेपुरतें पाहिलें तर याहून गंभीर अनुभव २०२० सालचा आहे. शाळा बंद असतां सह्याद्रि वाहिनीवरून 'टिलीमिली' ही पाठमाला पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं प्रसारित झाली. ज्यांच्या घरीं इंटरनेट नव्हतें त्यांच्यासाठीं ती मोठी सोय होती. परंतु प्रत्येक इयत्तेस वेळ नेमलेली, आणि वीज कांहीं वेळापत्रक पाहून जात नाहीं. पाठ चालूं असतां अंधार झाला कीं त्या मुलाचा तो दिवस गेला. त्याच आळींत कोणी एकानें तो पाठ मुद्रित केला असता तर दहा मुलांची सोय झाली असती. तें करण्यास कायद्याचीहि आडकाठी दिसत नाहीं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें ३९ वें कलम स्वतःच्या खासगी उपयोगासाठीं, तसेंच प्रामाणिक अध्यापन व संशोधन यांसाठीं केलेलें मुद्रण हा प्रसारणाच्या हक्काचा भंग मानीत नाहीं. मात्र त्या प्रती काढून विकणें किंवा जगभर पसरविणें ही निराळी गोष्ट, आणि तिला आमची संमति नाहीं.

आतां छपराकडे वळूं. टेलिव्हिजन आपल्या घरीं कोणत्या वाटेनें येतो? मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हांपासून पुष्कळ वर्षें ती वाट छपरावरील काटेरी अँटेनाची होती. जुन्या पद्धतीचीं तीं बहुतेक प्रक्षेपणें दूरदर्शननें २०२२ पर्यंत बंद केलीं. हें ठाऊक नसल्यामुळें फसवणूक होते, व ती आमचीहि झाली. एका दुकानदारानें स्वस्तांत दिला म्हणून आम्हीं लॅपटॉपला जोडावयाचा एक यूएसबी ट्यूनर मोठ्या हौसेनें घरीं आणिला. सायंकाळपर्यंत तारा इकडच्या तिकडे केल्या. पडद्यावर मुंग्यांवांचून कांहीं येईना. तो ट्यूनर फक्त जुन्या पद्धतीचें प्रक्षेपण घेणारा होता. वेष्टनावर तसें बारीक अक्षरांत छापलेलेंहि होतें, म्हणून दोष सर्वस्वीं दुकानदारास देतां येत नाहीं. पदवीधर माणसानें तें वाचावयास हवें होतें.

दुसरी वाट खासगी तबकडीची किंवा केबलची. तेथील पैसे घेऊन दाखविल्या जाणाऱ्या वाहिन्या कुलूपबंद असतात. त्यांची किल्ली कंपनीच्या पेटींत असते, लॅपटॉपमध्यें नसते. पेटींतून निघणाऱ्या एचडीएमआय तारेवरहि बहुधा मुद्रणास प्रतिबंध करणारी योजना असते. कांहीं पेट्या स्वतः मुद्रण करितात, पण तें त्याच पेटीवर पाहावें लागतें. तेव्हां केबलवाल्या घरांनीं 'टेलिव्हिजन मुद्रित करणारा' म्हणून लॅपटॉपवर जास्त खर्च करणें म्हणजे विहीर नसतां मोट घेणें होय.

तिसरी वाट डिसेंबर २००४ पासून चालूं असलेल्या दूरदर्शनच्या विनाशुल्क तबकडीची, म्हणजे फ्री डिशची. खेड्यापाड्यांत हीच अधिक दिसते, आणि सुदैवानें मुद्रणास हीच सोयीची. यावरून 'पीएम ई-विद्या'च्या शैक्षणिक वाहिन्याहि येतात. यासाठीं उपग्रहाचें प्रक्षेपण घेणारा यूएसबी ट्यूनर लागतो. तो घेतांना 'डीव्हीबी-एस२' हीं अक्षरें वेष्टनावर आहेत कीं नाहींत, हें चष्मा लावून पाहावें.

येथें एक मौजेची गोष्ट आहे, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाहीं. जुन्या प्रक्षेपणाचें चित्र मुद्रित करावयाचें तर तें दाबून लहान करण्याचें काम बहुधा संगणकालाच करावें लागे, व त्यासाठीं दणकट प्रोसेसर हवा असे. आतांचें प्रक्षेपण दाबलेलेंच येतें. लॅपटॉपनें तें आलें तसें डिस्कवर लिहून ठेवावयाचें, एवढेंच. या कामास महागडा प्रोसेसर नको, खेळांसाठीं बनविलेलें चित्र-कार्डहि नको. हवी ती जागा. सेकंदास ४ मेगाबिट या वेगानें येणारा कार्यक्रम तासाला १.८ गिगाबाइट जागा खातो. लॅपटॉपमध्यें १५० गिगाबाइट मोकळी असली तरी ८३ तासांत ती भरते; १,००० गिगाबाइटांच्या बाहेरच्या डिस्कवर मात्र साडेपांचशें तास मावतात. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. ८ बिटांचा १ बाइट हें विसरूं नये.

उरलेले पैसे पडद्यावर घालावेत. चार माणसें एकत्र बसून पाहणार असतील तर बाजूनें पाहिलें असतां रंग न बदलणारा, 'आयपीएस' जातीचा, १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा घ्यावा. चकचकीत कांचेंत चित्रापेक्षां आपल्याच घरची खिडकी जास्त दिसते. जुने कार्यक्रम ४:३ या मापाचे असतात. ते रुंद पडद्यावर ताणून पाहिले तर भीष्महि पहिलवान दिसतो, यास्तव ताण काढून टाकावा. लॅपटॉपचा ध्वनि बहुधा किरटाच. लहानसे स्पीकर निराळे जोडावेत. विंडोजमध्यें पूर्वीं टेलिव्हिजन मुद्रित करण्याची 'मीडिया सेंटर' नांवाची सोय होती. २०१५ सालच्या विंडोज १० पासून ती काढून टाकिली आहे. 'नेक्स्टपीव्हीआर' सारखी फुकट मिळणारी प्रणाली तें काम करिते. आणि बॅटरीवर फार विसंबूं नये: वीज गेली तरी लॅपटॉप चालतो खरा, पण ट्यूनरला व तबकडीला निराळी वीज लागते, लहानसा इन्व्हर्टर नसेल तर मुद्रण तेथेंच थांबतें.

आमचे एक सहकारी शिक्षक म्हणतात कीं, अभ्यासाच्या यंत्रांत टेलिव्हिजन घालणें म्हणजे दप्तरांत पत्ते ठेवणें. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. साठविण्याचाहि लोभ सुटतो. रानांत इस्राएल लोकांनीं उद्यांसाठीं राखून ठेविलेल्या मान्न्यांत किडे पडले, तशी गत आम्हीं कित्येक डिस्कांची पाहिली आहे. तीनशें तास भरलेले, पाहिलेले तीन. तरीहि जें आपण वेळ पाहून, नांव लिहून, निवडून ठेवितों तें पाहणें आणि समोर येईल तें रात्रीं बारापर्यंत पाहत बसणें यांत आम्हांस फरक दिसतो. मुलानें रविवारीं बसून आठवड्याचे दोनच कार्यक्रम निवडावेत, असें आम्ही घरीं करून पाहिलें. पहिले दोन आठवडे भांडणांत गेले.

ते शेतकरी गृहस्थ परवां पुन्हां भेटले. वर्तुळांतला लॅपटॉप त्यांनीं घेतला नाहीं. साधा घेतला, व वांचलेल्या पैशांतून बाहेरची डिस्क आणि ट्यूनर. मुलासाठीं गणिताचे पाठ मुद्रित होतात, आणि स्वतःसाठीं सायंकाळचा शेतीचा कार्यक्रम, कारण त्या वेळीं ते अजून रानांतच असतात. "सर, ही डिस्क किती वर्षें टिकेल?" असें त्यांनीं विचारिलें. आम्हीं सांगितलें कीं, एक डिस्क केव्हां बंद पडेल याचा नेम नाहीं. जें खरोखर हवें असेल त्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवा. कापूस विकल्यावर घेऊं, असें म्हणून ते गेले.