‘एकदाचा टाकून द्या’ म्हणणाऱ्यांना

मे २०२५ मधल्या त्या चार दिवसांत आमच्या शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिले, ‘एकदाचा अणुबॉम्ब टाकून द्या आणि विषय संपवा.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठे देणाऱ्यांत इंजिनिअर होते, एक डॉक्टर होता, दोन शिक्षक होते. मी विचारले, ‘टाकल्यावर वारा कुठल्या दिशेने वाहील, याचा विचार केलाय का?’ उत्तर लगेच आले, ‘तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?’

हा प्रश्न त्या ग्रुपवर सगळ्यांना विचारला जात नाही. ज्यांना विचारला जातो, त्यांची नावे साधारण एकाच प्रकारची असतात.

युद्धविराम झाल्यावर नवी अफवा आली. पाकिस्तानातल्या किराना हिल्समध्ये अणुसाठा फुटला, रेडिएशन पसरले, असे सांगणारे व्हिडिओ फिरले. त्यांच्याखाली हसण्याचे इमोजी होते. आपल्या हवाई दलाने सांगितले की तिथे आम्ही मारा केलेलाच नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही पाकिस्तानातल्या कुठल्याच केंद्रातून गळती झाली नसल्याचे स्पष्ट केले. पण ते मेसेज कुणी पुढे पाठवले नाहीत. तेव्हा मी गप्प बसलो. ६ ऑगस्ट २०२५ ला हिरोशिमाला ८० वर्षे झाली. आता गप्प बसणे बरे वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मी सोलापूरचा. वडील यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. इंजिनिअरिंग करून मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. सुट्टीला हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येतो. या गाडीचे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या १९३१ साली फाशी गेलेल्या चौघांत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आहेत आणि कुर्बान हुसेनही आहेत. आमच्या बैठकीच्या खोलीत अब्दुल कलामांचा फोटो आहे. मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट झाले तेव्हा चौकात वाटलेले पेढे मीही खाल्ले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पाकिस्तानने चगाईत स्फोट केले आणि तिकडच्या मुलांनी मिठाई खाल्ली. दोन्हीकडच्या मुलांना कुणी सांगितले नाही की आज आपण दोघेही आधीपेक्षा जास्त असुरक्षित झालो आहोत.

आता मुद्द्यावर येतो. माझा व्यवसाय चुकांचा आहे. बारा वर्षांत मी बिनचूक सॉफ्टवेअर पाहिलेले नाही. चांगली टीम चुका करत नाही असे नसते. चूक झाली तर मागे फिरता यावे, याची तयारी ती आधीच करून ठेवते. एकदा रात्री आमच्याच एका बदलामुळे हजारो ग्राहकांना चुकीची बिले गेली. वीस मिनिटांत आम्ही जुनी आवृत्ती परत आणली, सकाळी माफीचा ईमेल पाठवला, विषय संपला. अणुशस्त्र आणि अणुभट्टी या दोन गोष्टींत असे मागे फिरता येत नाही.

‘आपली यंत्रणा चुकत नाही’ असे कुणी म्हणाले तर त्याला ९ मार्च २०२२ ची आठवण करून द्या. त्या दिवशी आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटके नव्हती, कुणी मेले नाही. दोन दिवसांनी आपल्या सरकारने चूक मान्य केली आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. ही घटना शांततेच्या दिवसांतली. तीच मे २०२५ मध्ये घडली असती तर समोरच्या अधिकाऱ्याला ते चुकून आले की मुद्दाम सोडले, हे ठरवायला किती मिनिटे मिळाली असती?

२६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत युनियनच्या संगणकाने अमेरिकेची क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तो खोटा मानला. ढगांवरून परतलेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखा दिसला होता. संगणकाचे ऐकले नाही म्हणून त्या रात्री जग वाचले. मी संगणकावर पोट भरतो, तरी हे लिहितो.

‘बॉम्बचे सोडा, वीज वेगळी’ असे काहीजण म्हणतील. ती कधीच पूर्ण वेगळी नव्हती. कॅनडाने ‘शांततेसाठी’ म्हणून दिलेली सायरस ही संशोधन भट्टी मुंबईत तुर्भ्याला उभी राहिली. १८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटाचे प्लुटोनियम तिच्यातूनच आले. कॅनडाने त्यानंतर मदत थांबवली. इराणच्या नतांझमधल्या यंत्रांवर स्टक्सनेट नावाचा प्रोग्राम सोडला गेला, तो २०१० मध्ये उघड झाला. जगातल्या पहिल्या मोठ्या सायबर शस्त्राने जे फोडले, ते युरेनियम समृद्ध करण्याचे केंद्र होते. जून २०२५ मध्ये त्याच नतांझवर खरे बॉम्ब पडले. आपल्याकडे २०१९ मध्ये कुडनकुलमच्या संगणकांत घुसखोरी झाल्याची बातमी आली. केंद्राने आधी ती खोटी ठरवली. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की प्रशासकीय कामाच्या एका संगणकात व्हायरस सापडला होता, पण भट्टीचे नियंत्रण वेगळे आहे. ते वेगळे असेलही. मला भीती वाटते ती आदल्या दिवशीच्या ठाम नकाराची.

आता अणुभट्टी इतर कारखान्यांहून वेगळी का, हे सांगतो. मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबतो. अब्बा सांगायचे, ‘थांबतो म्हणून तर माणूस त्याच्या शेजारी उभा राहू शकतो.’ अणुभट्टी बंद केली तरी आतल्या इंधनातून उष्णता निघतच राहते. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, मग हळूहळू कमी होते. तोवर अखंड पाणी फिरवत राहावे लागते आणि पंपांना वीज लागते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या नियमाप्रमाणे बंद झाल्या. मग त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पाणी थांबले आणि तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. दीड लाखांच्या आसपास माणसांना घरे सोडावी लागली. हे जपानमध्ये झाले, जिथे शिस्तीचे धडे आपण एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतो.

या ठिकाणी युद्ध आणून बसवा. मार्च २०२२ मध्ये रशियाने युक्रेनचे झापोरिझ्झिया केंद्र ताब्यात घेतले. सहा भट्ट्यांचे हे युरोपातले सर्वात मोठे अणुवीज केंद्र. त्यानंतर बाहेरून येणारी वीज अनेकदा पूर्ण तुटली आणि केंद्र डिझेल जनरेटरवर तगले. जून २०२३ मध्ये काखोव्का धरण फुटले आणि थंडाव्याच्या पाण्याचा नेहमीचा साठाच गेला. भट्टीवर बॉम्ब टाकण्याची गरजच नाही. विजेच्या तारा आणि पाणी तोडले तरी पुरते. म्हणजे शांततेत उभारलेले वीजकेंद्र युद्धात शत्रूला आयते मिळालेले ओलीस होते.

हे दोन्ही सरकारांना ठाऊक आहे. म्हणूनच ३१ डिसेंबर १९८८ ला भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. संबंध कितीही बिघडले तरी ही यादी गेली आहे. ज्यांना शांततेची भाषा भेकडपणाची वाटते, त्यांनी पाहावे की आपले सरकारही इथे शत्रूशी बोलते. कारण इथे बोलणे हेच संरक्षण आहे.

आता महाराष्ट्रात येऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात, जैतापूरला, फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्यांचे केंद्र व्हायचे आहे. जवळपास दहा हजार मेगावॅटचे, म्हणजे जगातले सर्वात मोठे. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली इथल्या शेतकऱ्यांनी जमिनी द्यायला विरोध केला. साखरी नाटेच्या मच्छीमारांनी विचारले की केंद्राचे गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचे काय? शेतकरी बहुतेक हिंदू, मच्छीमार बहुतेक मुस्लिम, आंदोलन एकत्र. १८ एप्रिल २०११ ला, फुकुशिमानंतर सहा आठवड्यांच्या आतच, नाटे इथे पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. जैतापुरात अजून एक युनिट वीज तयार झालेली नाही, पण बळी गेलेला आहे. ही एकजूट टीव्हीवर कधी दिसत नाही. म्हणून इथे नोंदवतो.

या भट्टीचा इतिहासही पाहा. फिनलंडमध्ये २००५ ला काम सुरू झाले, २००९ ला संपायचे होते, नियमित वीज २०२३ मध्ये मिळाली. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ ला सुरू झालेले काम २०१२ ला संपायचे होते, भट्टी जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये आणि खर्च चौपट झाला. आमच्या धंद्यात असा व्हेंडर दुसऱ्यांदा दारात उभा करत नाहीत.

हा व्हेंडर हमी द्यायलाही तयार नाही. भोपाळच्या अनुभवानंतर आपल्या संसदेने २०१० मध्ये अणुअपघात भरपाईचा कायदा केला. त्यात चालक कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त १,५०० कोटींची ठेवली, पण सदोष यंत्र देणाऱ्या पुरवठादाराकडून ती वसूल करण्याची तरतूदही ठेवली. फुकुशिमाची भरपाई काही लाख कोटी रुपयांच्या घरात गेली आहे. तरी विदेशी कंपन्यांना आपला हा कायदा जाचक वाटत होता. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचे लक्ष्य जाहीर झाले आणि सोबत हा कायदा बदलण्याचेही सांगितले गेले. माझा साधा प्रश्न आहे. यंत्र इतके सुरक्षित असेल तर बनवणारा सही करायला का घाबरतो? त्याला ज्या धोक्याची भीती वाटते, तो माडबनच्या माणसाने का उचलावा?

‘कोकणात त्सुनामी कुठे येते?’ असे विचारणाऱ्याने आमच्या शेजारच्या किल्लारीला जाऊन यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत तो भाग नकाशावर भूकंपाच्या सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. गणपती विसर्जन करून झोपलेली दहा हजारांच्या आसपास माणसे उठलीच नाहीत. अम्मी सांगते, सोलापुरात आम्ही सगळे रस्त्यावर होतो आणि मी तिच्या कडेवर. नंतर नकाशा बदलला. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

‘मग वीज कुठून आणणार?’ हा प्रश्न रास्त आहे, तो टाळणार नाही. सोलापूरजवळ एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे कोळसा केंद्र आहे. कोळशाचा धूर आणि राख माणसे मारते, हळूहळू आणि बातमी न होता. अणुविजेतून कार्बन फार कमी निघतो, हेही खरे. पण तारापूर १९६९ ला सुरू झाले. इतक्या वर्षांनंतर देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. सौरऊर्जेची क्षमता मात्र जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. ऊन रात्री नसते हे धरूनही वर्षभरात सौर वीज अणुविजेच्या दुपटीहून जास्त मिळते. सोलापूरला देवाने पाणी बेताचे दिले, ऊन मात्र हात राखून दिलेले नाही. सौर पॅनेल फुटले तर काच बदलावी लागते, तालुका रिकामा करावा लागत नाही.

शेवटी युद्धाविषयी. युद्ध पूर्वीही क्रूरच होते, पण त्याला मर्यादा घालण्याचा प्रयत्न माणसाने केला. हजरत अबू बकर यांनी सैन्याला बजावले होते की स्त्रिया, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात रयतेला काडीचाही त्रास देऊ नका म्हणून ताकीद दिली. त्याच पत्रात त्यांनी लिहिले की रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि घोडी मरतील. हे पत्र जैतापूरच्याच जिल्ह्यात गेलेले. उंदराचाही हिशोब ठेवणारा राजा आपला म्हणायचा आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा, हे मला जमत नाही. अणुबॉम्ब यातली एकही मर्यादा पाळू शकत नाही. त्याला सैनिक आणि पाळण्यातले मूल वेगळे ओळखता येत नाही. हिरोशिमात १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली, त्यांत शाळकरी मुले हजारोंनी होती.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पुरवठादाराची जबाबदारी कायद्यात असू द्या. अणुसुरक्षा पाहणारी संस्था अणुखात्यापासून खरोखर स्वतंत्र करा. तसे विधेयक २०११ मध्ये आले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बुडाले, ते परत आणा. ग्रामसभांचा नकार हा नकार माना. पहिला वार न करण्याचे आपले धोरण टिकवा आणि पाकिस्ताननेही ते स्वीकारावे म्हणून जगभर आवाज उठवा.

आणि ग्रुपवरच्या त्या मित्राला, उशिराने, उत्तर. आपल्याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. जपानच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता १९४२ मध्ये, ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांना कुणी विचारले नाही की तू कुणाच्या बाजूने. विचारले असते तर त्यांनी समोरच्या खाटेकडे बोट दाखवले असते. माझीही बाजू तीच आहे. पण लक्षात ठेव, तू टाकायला सांगतोस त्या बॉम्बनंतर खाटा नसतील, आणि डॉक्टरही नसतील.