हे पुस्तकात नाही!

मुलांच्या अद्भुतकथेवरून निघालेला चित्रपट पाहून घरी आलेल्या वाचक मुलाच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: ‘हे पुस्तकात असे नाही.’ वडीलधारी मंडळी त्यावर हसतात. चित्रपट हे निराळे माध्यम आहे, दोन-अडीच तासांत सहाशे पाने कशी मावतील, अशी समजूत घालून विषय मिटवतात. आम्हांला मात्र ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी वाटत नाही. तीत हट्टाचा भाग असतो हे खरे. परंतु तो वगळूनही जे उरते त्याची दखल जाणत्यांनी घ्यावयास हवी.

२००५ साली ‘हॅरी पॉटर’ मालिकेतील चौथ्या कादंबरीवरचा चित्रपट आला. त्यातून विंकी हे पात्र समूळ गाळले गेले, क्विडिचच्या विश्वचषकाचा सामनाही प्रत्यक्ष दाखविला गेला नाही. वाचक कुरकुरले आणि गप्प बसले. पण अग्निचषकातून हॅरीचे नाव निघते तेव्हा कादंबरीतले डंबलडोर त्याला शांतपणे प्रश्न विचारतात, आणि पडद्यावरचे डंबलडोर धावत येऊन त्याला गदागदा हलवतात. हे मात्र वाचकांनी अद्याप माफ केलेले नाही. आपल्याकडचा दशावतारी नाटकांचा प्रेक्षक हा भेद पूर्वापार जाणून आहे. तेथे लिखित संहिता नसते, नट संवाद आयत्या वेळी रचतो, संकासुर वाटेल ती थट्टा करतो. प्रेक्षकांना त्याचे काहीच वाटत नाही. पण धर्मराज भीमासारखा थयथयाट करू लागला, तर मांडवात चुळबुळ सुरू होईल.

याहून बोलके उदाहरण जर्मन लेखक मिखाएल एंडे यांच्या ‘न संपणारी गोष्ट’ या कादंबरीचे आहे. १९७९ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९८४ साली वोल्फगांग पेटरसन यांनी तिच्यावर इंग्रजी भाषेत चित्रपट काढला. जगभरच्या मुलांनी तो डोक्यावर घेतला. त्यातला आर्टाक्स नावाचा घोडा दुःखाच्या दलदलीत रुततो, तो प्रसंग पाहून लहानपणी रडलेली माणसे आज पन्नाशीला टेकली आहेत आणि अजून त्याविषयी बोलतात. खुद्द एंडे मात्र इतके संतापले की त्यांनी आपले नाव काढून घेण्याची मागणी केली, न्यायालयात दाद मागितली आणि तेथे ते हरले. लेखकाचा अहंकार, असे म्हणून अनेकांनी खांदे उडवले. पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकाला तसे वाटणे स्वाभाविकच होते.

पण पुस्तक वाचलेल्या मुलाला काय दिसले? कादंबरीतला बास्तियान लठ्ठ, बावळट, सगळ्यांनी चिडवलेला मुलगा आहे. पडद्यावर तो सडपातळ व गोंडस झाला. कादंबरीत तो पुस्तकाच्या दुकानातून पुस्तक चोरतो. चित्रपटात तो ‘परत आणून देईन’ अशी चिठ्ठी ठेवून जातो. मुलांच्या नायकाने चोरी करू नये, ही काळजी वरवर भलीच. आणि मुख्य म्हणजे चित्रपट पुस्तकाच्या मध्यावरच थांबतो. बास्तियान सम्राज्ञीला नवे नाव देतो, फँटासियाचे उद्ध्वस्त राज्य वाचते, आणि तो उडत्या ड्रॅगनवर बसून आपल्याला छळणाऱ्या पोरांची पळता भुई थोडी करतो. टाळ्या!

एंडे यांची खरी कथा तर येथून पुढे सुरू होते. फँटासियात गेलेल्या बास्तियानची प्रत्येक इच्छा पुरी होते. तो देखणा होतो, बलवान होतो, कीर्तिमान होतो. पण इच्छा पुरी होता होता त्याच्या पूर्वायुष्यातली एकेक आठवण पुसली जाते. आपण लठ्ठ होतो हेही तो विसरतो. सत्तेचा मद चढून तो आत्रेयू या आपल्या जिवलग मित्रावर शस्त्र चालवतो. अखेर वडिलांची आठवण आणि स्वतःचे नावही हरवून बसलेला हा मुलगा केवळ मित्राच्या मध्यस्थीने परत येतो. नायक आधीच गोंडस असेल, तर देखणे होण्याच्या इच्छेचा काटा कुठून रुतणार? वाचक मुलगा ‘हे पुस्तकात नाही’ म्हणतो तेव्हा त्याला हेच सांगायचे असते. फक्त ते त्याला इतक्या शब्दांत मांडता येत नाही.

आमचा आक्षेप काटछाटीला नाही. कादंबरीतला आर्टाक्स बोलतो, आपला अंत तू पाहू नकोस, निघून जा, असे धन्याला विनवतो. पडद्यावरचा घोडा मुका आहे. त्यामुळे प्रसंगाचे काही बिघडले नाही, उलट तो अधिक जिव्हारी लागतो. दिग्दर्शकाला हे स्वातंत्र्य हवेच.

परंतु शेवट? पुस्तकातला बास्तियान कोणावर ड्रॅगन घालत नाही. तो घरी येऊन वडिलांना सारे सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी एकटाच त्या दुकानात जाऊन कबूल करतो की, पुस्तक मी चोरले होते, आणि आता ते माझ्यापाशी नाही. चित्रपटातल्या मुलाने चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. त्याला हे पाऊल उचलण्याची वेळच येत नाही.