आधी जागा, मग घरकुल

मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझा अधिकार’ हे नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 2007 नंतरचे हे पहिलेच. 2030 पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी 35 लाख घरे, 70 हजार कोटींची गुंतवणूक, सरकारी जमिनींची लँड बँक, असे बरेच काही त्यात आहे. धोरणाचे मी मनापासून स्वागत करतो. पण त्यावर आमच्या अकोटमध्ये बोलणे निघाले की जाणती माणसेसुद्धा जे म्हणतात, ते खोडून काढायलाच हवे. ते म्हणतात, घरांचा प्रश्न मुंबई-पुण्याचा. तालुक्याच्या गावाला घरकुल योजना आहेच. ती ज्यांना मिळाली नाही ते निकषात बसत नाहीत. आणि सरकारी जागेवर बसलेल्यांना पट्टे द्यायचे म्हणजे अतिक्रमणाला बक्षीस.

अकोट लहान गाव आहे, हा समज आधी सोडावा. 2011 च्या जनगणनेतच इथली वस्ती 92 हजारांवर होती. इथल्या बाजार समितीत कापसाला काय भाव फुटला याकडे सगळ्या वऱ्हाडाचे लक्ष असते. जिनिंग-प्रेसिंग, सतरंज्यांचा जुना धंदा, सातपुड्याच्या पायथ्याची केळी आणि संत्री, यांवर हे गाव उभे आहे आणि ते हमाल, जिनातले मजूर, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांच्या अंगमेहनतीवर चालते. त्यांची कमाई हंगामी. गावालगतचे शेत अकृषक होऊन लेआऊट पडला की प्लॉटचा दर त्यांच्या हाताबाहेर गेलेला असतो. विटा-सिमेंट ते कसेबसे जमवतील. खालची जागा कुठून आणणार?

आणि नेमके इथेच घरकुलाचे गाडे अडते. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात चार घटक होते, पण लहान गावांत मुख्यतः एकच चालला: लाभार्थ्याने स्वतः बांधायचे घर. त्यासाठी केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख. अट ही की जागा लाभार्थ्याच्या नावावर हवी. म्हणजे ज्याच्याकडे प्लॉट आहे त्याला मदत, आणि ज्याच्याकडे पाय ठेवायलाही स्वतःची जागा नाही तो यादीबाहेर. हातात टॅक्स पावती आणि वीजबिल घेऊन नगरपालिकेच्या खिडकीवर उभ्या असलेल्या बाईला आपण ‘निकषात बसत नाही’ म्हणतो, तेव्हा खोट तिच्यात नसते, निकषात असते. सर्वांत गरजू माणूस ज्या अटीने गळतो ती अट बदलायची असते.

ज्यांना घरकुल मंजूर होते त्यांचेही सुख पाहून घ्यावे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पाया घातला तर काही वर्षांतच खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंतीला तिरपी चीर जाते. म्हणून इथला जाणता मिस्त्री खोल खोदतो, काळी माती काढून मुरूम भरतो, पायावर पट्टी टाकतो. मुरमाड जमिनीवरच्या गावापेक्षा इथे पैशाचा बराच मोठा भाग जमिनीखालीच जातो. मदत मात्र दोन्हीकडे अडीच लाखच. 2024 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला तेव्हाही ती अडीच लाखच राहिली, मधल्या नऊ वर्षांत सळाख, रेती, सिमेंट, मजुरी सगळे वाढले तरी. पैसे येतात हप्त्याहप्त्याने, एकेका टप्प्याचे जिओ-टॅग फोटो चढल्यावर. तोवर कुटुंबाने जुने मातीचे, टिनाचे घर पाडलेले असते. हप्ता रखडला की ते ताडपत्रीखाली नाहीतर भाड्याच्या खोलीत, आणि खोलीचे भाडे घराच्याच पैशांतून जाते. काळ्या मातीच्या तालुक्यांसाठी पायाची वेगळी रक्कम आणि बांधकामाच्या काळात भाड्याला हातभार, या दोन गोष्टी धोरणात आल्या पाहिजेत. आमच्या लोकप्रतिनिधींनी मुंबईत मांडायचा मुद्दा हा आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप: पट्टे दिले की अतिक्रमणाला बक्षीस मिळते. वरकरणी तो न्यायाचा वाटतो. पण सरकार कोणाला काय देते ते एका ओळीत मांडून पाहा. शेतजमिनीचे तुकडे पाडून, परवानगी न घेता जे प्लॉट विकले गेले, त्यांच्यासाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे. 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूल (सरकारी) जमिनीच्या पट्टेधारकांसाठी 2024 मध्ये अभय योजना आली, म्हणजे सवलतीच्या दराने पूर्ण मालकी. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. त्यात मध्यमवर्गातली कितीतरी साधी कुटुंबे आहेत. पण सरकारी जागेवरच्या झोपडीचा विषय आला तेव्हा, 2018 च्या निर्णयात, मर्यादा धरली गेली 1 जानेवारी 2011 ची. प्लॉट विकत घेऊन नियम मोडणाऱ्याला 2020 पर्यंत क्षमा आणि ज्याची विकत घेण्याची ऐपतच नव्हती त्याला 2011 नंतर दार बंद, हा कुठला न्याय? बक्षिसाची भाषा करायचीच असेल तर तिन्ही ठिकाणी करा, नाहीतर दोन्ही तारखा एक करा. शिवाय 2018 च्या निर्णयात जे हक्काने बसतात त्यांची मोजणी करून पट्टे हातात देणे, हे नव्या कोणत्याही धोरणाची वाट न पाहता करता येते. तो पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावाने असावा.

लेआऊट वाढले की दर आपोआप उतरतील, असेही सांगितले जाते. माझा त्यावर विश्वास नाही, कारण बिल्डर ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठीच प्लॉट पाडतो आणि त्यात त्याचा दोषही नाही. म्हणूनच मोठ्या लेआऊटमधले 20 टक्के प्लॉट किंवा घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याचा नियम राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. पण तो लागू कुठे? मोठ्या शहरांत, मूळ नियमाप्रमाणे 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत. 2011 च्या गणतीत अमरावती साडेसहा लाखांच्या आत, अकोला सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे सबंध वऱ्हाडात हा नियम एकाही गावाला लागू नाही! ही मर्यादा खाली आणून नगरपालिकांपर्यंत न्या, वाटल्यास टक्केवारी कमी करा.

काहींना वाटते, गावाबाहेर स्वस्त जागेत इमारती बांधाव्या किंवा हातात रोख रक्कम द्यावी, प्रश्न मिटेल. अकोटकरांनी तरी असे म्हणू नये. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातली केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा ही गावे आपल्याच तालुक्याच्या अंगाला आणून वसवली. कुटुंबामागे 10 लाखांचे पॅकेज होते. पण शेती, दवाखाना, रोजगार यांची घडी बसली नाही आणि माणसे आपले बिऱ्हाड घेऊन पुन्हा जंगलात गेली. जानेवारी 2019 मध्ये तिथे संघर्ष पेटून रक्त सांडले. बाजारापासून, शाळेपासून तोडलेली वसाहत अशीच ओस पडेल.

मग गावात जागा आणायची कशी? विकास आराखड्यात आरक्षण टाकून नुसते थांबले तर 10 वर्षांनी जमीनमालक खरेदीची नोटीस देतो, नगरपालिकेकडे पैसा नसतो आणि आरक्षण उठते. त्यापेक्षा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातली नगररचना योजना वापरावी. मालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, नाल्या, मोकळ्या जागा काढायच्या आणि लहान पण सोयींचा, वाढलेल्या किमतीचा प्लॉट त्यांना परत द्यायचा. त्यातून 10 टक्क्यांपर्यंत जमीन दुर्बलांच्या घरांसाठी ठेवता येते, ती विकत न घेता. अहमदाबाद याच वाटेने वाढले. अकोटच्या कडेला ज्या दिशेने लेआऊट सरकत आहेत तिथे ही योजना आजच लावली पाहिजे. सगळे प्लॉट विकून झाल्यावर ती लावण्यात अर्थ नाही.

आणि सगळ्यांना मालकीचेच घर हवे असते असेही नाही. मेळघाटातून हंगामाला खाली उतरणाऱ्या कोरकू मजुरांना चार-सहा महिन्यांची, पाणी-संडास असलेली खोली हवी. दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. बाजार समितीच्या जवळपास अशी वसतिगृहे त्यातून उभी करता येतील.

भाड्याचे नाव निघाले की आणखी एक गोष्ट बोलावीच लागते. खोली दाखवण्याआधी आडनाव आणि धर्म विचारला जातो, हे या गावात कोणाला ठाऊक नाही? मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात याची पद्धतशीर तपासणी करून 2015 मध्ये निष्कर्ष मांडले: दलितांना, आणि त्यांच्याहून अधिक मुसलमानांना, घर नाकारले जाते. खासगी मालकाचे मन कायद्याने लगेच बदलणार नाही. पण ज्या वसाहतीत सरकारचा एक रुपया किंवा एक गुंठा गेला आहे, तिथले वाटप सर्वांसमक्ष सोडतीने व्हावे, वेगवेगळ्या समाजांची घरे एकाच गल्लीत यावीत आणि प्रतीक्षा यादी नगरपालिकेच्या दर्शनी भिंतीवर लागावी. लँड बँकेतले अकोटचे पानही त्याच भिंतीवर लावा: कोणती सरकारी जागा, किती क्षेत्र, कोणाच्या ताब्यात. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवाल तेव्हा लोकांच्या हातात निदान एवढी माहिती असू द्या.