करार टिकला असता तर...

उर्दूच्या तासाला इक्बालच्या ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’चा विषय निघाला की दरवर्षी एखादा हात वर येतोच. “टीचर, स्पेन आपल्याकडेच राहिला असता तर?” हल्ली हा प्रश्न मोबाईलवरून उत्तरासकट वर्गात येतो. अंदलूस टिकलं असतं तर अमेरिका मुसलमानांनी शोधली असती, सगळं विज्ञान आपल्या हातात असतं, वगैरे वगैरे.

मी मुलांना हसून गप्प बसवत नाही. ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न वाईट नाही. आपल्याला नेमकं काय गमावल्याचं दुःख आहे, हे त्यातून कळतं. माझं म्हणणं एवढंच की आपण चुकीचं ‘तर’ धरून बसलो आहोत.

सत्ता टिकली असती असं धरून चालू. पण कोणती सत्ता? कुर्तुब्याची खिलाफत १०३१ मध्ये संपली, ती परक्यांच्या स्वारीने नाही, वीसेक वर्षांच्या आपसातल्या यादवीने. मग छोटी छोटी राज्यं झाली आणि ख्रिस्ती राजांना खंडणी देऊन एकमेकांशी लढत राहिली. १२४८ मध्ये इशबीलिया, म्हणजे आजचं सेव्हिल, पडलं तेव्हा वेढा घालणाऱ्या फर्नांदो राजाच्या मदतीला गरनात्याच्या मुसलमान सुलतानाची फौज होती.

आणि विज्ञानाचं म्हणाल, तर ज्या इब्न रुश्दचं नाव आपण अभिमानाने घेतो त्याला ११९५ मध्ये हद्दपार करण्यात आलं. तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळण्याचा तो हुकूम मुसलमान खलिफाचा होता. कुर्तुब्यातच जन्मलेला थोर यहुदी विद्वान मूसा इब्न मैमून अलमोहाद राजवटीच्या जाचामुळे लहानपणीच घरच्यांबरोबर वतन सोडून गेला आणि शेवटी मिस्रमध्ये स्थिरावला. इब्न रुश्दचा विचार पुढे जगला तो मुख्यतः लॅटिन आणि हिब्रू भाषांतरांतून. म्हणजे राज्य आणखी दोनशे वर्षं राहिलं असतं तरी इल्म राहिलंच असतं, याची हमी कोण देणार?

म्हणून मी मुलांसमोर दुसरं ‘तर’ ठेवते.

२ जानेवारी १४९२ रोजी गरनाता ख्रिस्ती राजा-राणींच्या, फर्नांदो आणि इसाबेल यांच्या, ताब्यात गेलं. पण त्याआधी नोव्हेंबर १४९१ मध्ये एक लेखी करार झाला होता. मुसलमानांच्या मशिदी त्यांच्याकडेच राहतील, त्यांचे खटले त्यांचे काझी चालवतील, जमीनजुमल्याला हात लागणार नाही, कोणावर धर्म बदलण्याची जबरदस्ती होणार नाही, ज्यांना आफ्रिकेत जायचं त्यांना जाता येईल. खाली राजा-राणीच्या सह्या होत्या.

हा करार दहा वर्षंही टिकला नाही. १४९९ मध्ये सिस्नेरोस हा आर्चबिशप गरनात्यात आला. सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले आणि अरबी पुस्तकांची होळी झाली. लोकांनी बंड केलं, तेव्हा सरकारने सांगितलं की करार तुम्हीच मोडला, आता तो आमच्यावर बंधनकारक नाही. १५०२ मध्ये कास्तिलच्या सगळ्या मुसलमानांना फर्मान निघालं : ख्रिस्ती व्हा नाहीतर देश सोडा. जे राहिले त्यांना मोरिस्को म्हणू लागले. नावाने ख्रिस्ती, पण संशयाच्या नजरेतून कायमचे मुसलमान.

१५६७ मध्ये त्यांची अरबी भाषा, पोशाख, नावं, हमाम सगळ्यांवर बंदी आली. कास्तिलियन शिकायला तीन वर्षांची मुदत मिळाली. तेव्हा फ्रान्सिस्को नून्येस मुले नावाच्या एका वृद्ध मोरिस्कोने गरनात्याच्या अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. त्याचा मुद्दा साधा होता : कपडे आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, पूर्वेकडचे ख्रिस्तीही अरबी बोलतातच ना! भाषेची शिक्षिका म्हणून मला हा म्हातारा जवळचा वाटतो. त्याचं कोणी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी बंड पेटलं, आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलून देण्यात आलं. त्यातले अनेक जण स्पॅनिश बोलत होते. काही जण तर तीच स्पॅनिश अरबी लिपीत लिहीत होते. त्यांना दुसरं वतन ठाऊकच नव्हतं.

ही आग आपल्या किनाऱ्यापर्यंतही आली. ‘कोलोकियोस’ हे औषधी वनस्पतींवरचं प्रसिद्ध पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. ते लिहिणाऱ्या गार्सिया द ओर्टा या वैद्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या यहुद्यांपैकी. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. ओर्टाच्या बहिणीला १५६९ मध्ये जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडं कबरीतून काढून जाळली. पुढे १६८४ मध्ये कोकणीविरुद्ध फर्मान निघालं, तेव्हाही पोर्तुगीज शिकायला मुदत दिली होती तीनच वर्षांची.

आता विचार करा, गरनात्याचा तो करार पाळला गेला असता तर? हे स्वप्नरंजन नाही. वलेन्सिया १२३८ मध्ये ख्रिस्ती राजाकडे गेलं, तरी तिथल्या मुसलमानांनी जवळपास तीनशे वर्षं आपला धर्म पाळला, कालव्यांवर शेती केली. बरोबरीचा दर्जा नव्हता, कर होते, अधूनमधून दंगेही झाले. तरीही माणसं शेजारी शेजारी राहत होती. पुढे जे झालं ते अटळ नव्हतं. काही माणसांनी ठरवलं म्हणून झालं.

आमच्या मुलांनी हा इतिहास यासाठी वाचावा असं मला वाटतं. हातातून गेलेल्या तख्ताचं दुःख करत बसलं की आपण आपल्याच देशात जुन्या मालकासारखे वागू लागतो, आणि समोरच्यालाही आपल्याला तसंच बघायची सवय लागते. पण गरनात्याचा सामान्य मुसलमान, सूत कातणारा, तुतीची झाडं लावणारा, मुलाला अलिफ-बे शिकवणारा, त्याचं सगळ्यात मोठं नुकसान सुलतान गेल्याने झालं नाही. दिलेला शब्द मोडल्याने झालं.

त्याच्यात आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. त्याच्या हातात राजाने दिलेला कागद होता. दिलेला कागद राजा परतही घेऊ शकत होता. आपलं संविधान कोणी आपल्याला दिलेलं नाही, ते लिहिणाऱ्यांत आपणही होतो. ते जपायचं तर स्वतःच्याच हक्कांपुरतं जपून चालणार नाही. ज्या देशांत मुसलमान बहुसंख्य आहेत तिथल्या हिंदू, ख्रिस्ती, अहमदिया माणसाला दिलेला शब्द मोडला जातो, तेव्हाही आपला आवाज तेवढाच मोठा निघायला हवा. नाहीतर नून्येस मुलेच्या अर्जावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही.

यंदा तो हात वर आला तेव्हा मी विचारलं, “आपल्याकडे म्हणजे कोणाकडे?” मुलगा गोंधळला. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “टीचर, त्या लोकांना नुसतं राहू दिलं असतं तरी चाललं असतं ना?”

मला तिचं ‘तर’ पटलं.