वाचनालयाच्या भिंती कोणाच्या?

नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०२१ साली लिलावात सुमारे ४० कोटी रुपयांना विकले गेले. सय्यद हैदर रझा यांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्याच कलाशाळेत शिक्षण घेतले. त्यांच्या चित्रांचे मोलही आज कोटींतच होते. परंतु पाचपावलीत हातमागावर आयुष्य घालविलेल्या विणकराने या दोघांचे एखादे मूळ चित्र पाहिले असण्याचा संभव किती? जी वस्तू गुंतवणूक म्हणून विकत घेतली जाते, ती लोकांच्या दृष्टिआड जाते. हा बाजाराचा सहजधर्मच होय.

म्हणूनच सार्वजनिक वाचनालयांनी आपल्या भिंती समकालीन चित्रकारांना खुल्या कराव्यात, ही सूचना गंभीरपणे विचारात घेतली पाहिजे. नागपुरात कलादालने नाहीत असे नाही. १९८६ साली स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र येथेच आहे. पण कलादालनाची पायरी चढण्यापूर्वी ‘हे आपल्यासाठी आहे’ असे वाटावे लागते. वाचनालयात वर्तमानपत्रासाठी येणारा जुना गिरणी कामगार आणि स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी यांना असा संकोच नसतो.

ही कल्पना परकी वा नवी नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली चित्रसंग्रह आणि ग्रंथालय एकाच वास्तूत आणले. लंडनच्या कामगार वस्तीतील व्हाइटचॅपल कलादालन तर वाचनालयाला लागूनच उभे राहिले. तेथे जानेवारी १९३९ मध्ये पिकासोचे ‘गेर्निका’ मांडले गेले. उद्घाटन मजूर पक्षाचे नेते अ‍ॅटली यांनी केले, आणि प्रेक्षकांनी स्पेनच्या प्रजासत्ताकवादी सैनिकांसाठी बूट आणून दिले. कामगाराला आधुनिक चित्र कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

यावर एक आक्षेप चळवळीतूनच येईल. ग्रंथखरेदीला पैसा नाही, ग्रंथपालाला पुरेसे वेतन नाही, तेथे चित्रांची चैन कशाला? आक्षेप रास्त आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. एका वाचकाने घरी नेलेले पुस्तक त्या वेळी दुसऱ्याला मिळत नाही. भिंतीवरचे चित्र शंभरांनी पाहिले तरी एकशेएकाव्यासाठी ते तेवढेच उरते. खर्च लागतो तो दिव्यांचा, देखरेखीचा आणि चित्रकाराच्या मानधनाचा. हा खर्च ग्रंथांच्या अनुदानातून काढला गेला, तर त्याला विरोधच केला पाहिजे. वाचनालये कंगाल आहेत ती चित्रांमुळे नव्हे. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालय-कर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने तो टाळला आणि वाचनालये शासकीय अनुदानाच्या मेहेरबानीवर ठेवली. खरा झगडा येथे आहे.

तेव्हा समाजवादी कार्यकर्त्यांनी दोन्ही मागण्या एकत्रच मांडाव्यात. ग्रंथालय-कर आणि कर्मचाऱ्यांना योग्य वेतनश्रेणी ही पहिली. प्रदर्शनासाठी चित्रकाराकडून भाडे न घेता त्यालाच मानधन, ही दुसरी. निवड चित्रकार, ग्रंथपाल व वाचक यांच्या समितीने करावी. देणगीदाराच्या वा पुढाऱ्याच्या मर्जीने नव्हे. चित्र अप्रिय वाटले म्हणून ते उतरविण्याचा अधिकार कोणालाही असू नये. अप्रिय पुस्तक कपाटातून काढू नये, असे म्हणणाऱ्यांना भिंतीसाठी वेगळा न्याय लावता येणार नाही.