नळ सोनेरी, घागर कोरडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात सर्वांआधी जागा होई तो तांब्याचा बंब. आजोबा चारच्या सुमारास उठत, त्याच्या पोटात पऱ्हाटीची कांडकी सारीत, आणि मग अंगणभर तो ओळखीचा धूर पसरला की आम्ही पोरे समजून जात असू की आता सुटका नाही! मधोमध जळणाचे नळकांडे, त्याच्या भोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि बाजूला पितळी तोटी, एवढीच त्याची रचना. काळवंडला तर चिंच आणि राख, गळू लागला तर गावातला तांबट. या एका बंबावर आमच्या तीन पिढ्यांची अभ्यंगस्नाने झाली. त्याच्या कडेला नक्षी होती, कान डौलदार होते. म्हणजे सौंदर्य आमच्या न्हाणीघरात कालपरवा शोरूममधून आले, असे कोणी समजू नये.

हे मुद्दाम आधी सांगतो. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून, “मास्तरांना नवे काही बघवत नाही,” असा शेरा कोणी मारील. मला नवे बघवते. मला न बघवणारी गोष्ट वेगळीच आहे.

अमरावतीला जा की अकोल्याला, सॅनिटरीच्या दुकानांचे रूप आता पार पालटले आहे. पूर्वी या दुकानात पाइपांचे भारे, सुताच्या गुंड्या आणि धुळीत बसलेला मालक एवढेच दिसे. आता काचेचे दार, गारेगार हवा आणि भिंतभर दिव्यांच्या झोतात मांडलेले नळ! कोणी हंसाच्या मानेसारखा, कोणी धबधब्यासारखा. कोणी काळा, कोणी गुलाबी छटेचा सोनेरी. छताला ताटाएवढे फवारे. पाणी तापवायची टाकीसुद्धा आता भिंतीवरचे चित्र वाटावी अशी, तिच्या तोंडावर निळे आकडे लुकलुकतात. सारे काही आहे. फक्त एक वस्तू त्या दुकानात नाही. पाणी! त्यातल्या बहुतेक नळांना पाण्याची जोडणीच नसते. ज्या वस्तूचा सारा धर्म पाणी देणे, ती वस्तू आपण कोरडी पाहून, कोरडी पसंत करून, हजारो रुपये मोजून घरी आणतो. कापड घेताना आपण पदर उलगडून पाहतो, आंबा हुंगून घेतो, माठ टिचकी मारून घेतो. नळ तेवढा तोंड पाहून घेतो!

मीही घेतला. अकोल्यात कर्ज काढून चार खोल्या बांधल्या आणि सौभाग्यवतीसह अशा एका दुकानात गेलो. विक्रेता तरुण, गोड बोलणारा. “सर, लुक बघा,” हे त्याचे पालुपद. मी एकदा चुकून विचारले, “यातून पाणी किती पडते?” त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी नवरीचे वजन विचारले होते. आमचा प्लंबर बरोबर होता. तो म्हणाला, “घ्या गुरुजी, मस्त माल आहे.” आम्ही घेतला. पावसाच्या सरी म्हणून विकलेला तो फवारा घरी लागल्यावर महादेवाच्या पिंडीवरील अभिषेकपात्रासारखा ठिबकू लागला.

का ठिबकला, याचा हिशेब मी नंतर केला. सातवीचा विद्यार्थीही तो करील. पाण्याचा जोर उंचीवर ठरतो. सुमारे 10 मीटर उंचीचे पाणी म्हणजे 1 बार दाब. अशा मोठ्या फवाऱ्यांच्या पुस्तिकेत बहुधा एवढा किंवा याहून अधिक दाब मागितलेला असतो. आता आपले घर पाहा. स्लॅब 3 मीटरवर, टाकीचा चौथरा 1 मीटर, टाकीत अर्धा मीटर पाणी आणि फवारा जमिनीपासून 2 मीटरवर. हाती उरली अडीच मीटर उंची, म्हणजे पाव बार दाब. ज्याला 1 लागतो त्याला पाव दिला तर तो ठिबकेल नाही तर काय करील? ही कंपनीची चूक नव्हे, पाण्याचा नियम आहे. पण हा नियम दुकानदाराला ठाऊक होता, प्लंबरला ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो पैसे देणाऱ्याला.

पुढची कथा वऱ्हाडातल्या शेकडो घरांची आहे. जोर नाही म्हणून पंप आला. पंप आल्यावर फवारा खरोखर बरसू लागला आणि टाकी बघता बघता तळाला गेली. नळाचे पाणी पुरेना म्हणून बोअरचे सोडले. आणि आमचे बोअर कुठले? पूर्णेच्या खारपाणपट्ट्याच्या कडेचे! अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट, मचूळ. त्याने वर्षभरात फवाऱ्याची निम्मी भोके बुजवली. खारे पाणी नळाच्या चकचकीत मुलाम्यालाही सोडत नाही, त्याला बारीक बारीक देवीचे वण पाडते. पाणी तापवायच्या टाकीत तर क्षारांचे पांढरे चिलखत चढले, वीज अधिक जळू लागली आणि दुसऱ्या हिवाळ्यात कॉइल गेली. त्या टाकीत क्षरण रोखणारी मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती झिजते, आपल्याकडच्या पाण्यात वर्षाकाठी काढून पाहावी लागते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. सांगण्यासारखा एकच गुण त्या टाकीला होता: लुक!

मी प्लंबरला बोलावले. रागच आला होता. त्याला म्हटले, “काऊन बा, हे आधी सांगाचं नाही काय?” तो जरा वेळ पान्हा पुसत बसला. मग म्हणाला, “गुरुजी, खरं सांगू काय? डब्यात कूपन रायते. ते खरवडलं की पैसे मोबाईलवर मले भेटते. तुमी मजुरी किती देता? म्या पाचशे सांगतले तं तुमी साडेतीनशावर आनले. नळाले नऊ हजार देल्ले, तिथं काई बोलले नाई. मंग माह्या लेकरायनं काय खावं?”

वाचकहो, माझा राग तिथेच विरघळला, आणि त्याच्या जागी जी लाज आली ती अजून गेलेली नाही. कारण त्याचे गणित माझ्या गणितापेक्षा अचूक होते. निर्जीव पितळेला छापील किंमत द्यायची आणि जिवंत हाताशी घासाघीस करायची, ही आमची रीत. ज्याच्या डोळ्यांवर आम्ही विसंबायचे, त्या डोळ्यांची किंमत आम्ही देत नाही; ती दुसरा देतो आणि डोळे त्याचे होतात. औषध कंपनीकडून डॉक्टरला भेटी मिळाल्या की आपण वर्तमानपत्रात पत्रे लिहितो. प्लंबरच्या कूपनाबद्दल कोणी ओळही लिहीत नाही. फरक काय आहे? दोघेही आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीत आपले वकील असतात, आणि दोघांनाही पलीकडचा पक्षकार वकीलपत्र देऊ पाहतो.

पण ही केवळ माझ्या खिशाची रड असती, तर सणासुदीला तुमचा वेळ घेतला नसता. खरी गोष्ट माझ्या हजेरीपटात आहे.

अकोल्याला पाणी येते महानच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीला मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. अकोल्याच्या नळाला वर्षानुवर्षे रोज पाणी येण्याची सवयच लागलेली नाही. अनेक भागांत मध्ये कित्येक दिवस जातात. ज्या दिवशी नळ येतो, त्या दिवशी माझ्या वर्गातल्या दोन-चार मुली उशिरा येतात. मुले नव्हे, मुली. “का गं?” विचारले तर खाली मान घालून उत्तर येते, “सर, आज नळ होता.” नळ असणे हे गैरहजेरीचे कारण! आई कामावर गेलेली असते, हंडे भरायचे ते हिनेच. आणि नळ असूनही हंडा भरत नाही, कारण गल्लीच्या वरच्या टोकाच्या घरांनी सरकारी नळाला टिल्लू पंप लावलेला असतो. तो पंप पाणी निर्माण करीत नाही. तो पुढच्याचे पाणी मागे खेचतो, एवढेच. नगरपालिका-महानगरपालिका असे पंप जप्त करतात, आणि पुन्हा ते लागतात. का लागतात? कारण वरच्या घरात टाकी मोठी झालेली असते. टाकी का मोठी झाली? कारण न्हाणीघरात ताटाएवढा फवारा आला. शोरूमच्या त्या दिव्यापासून माझ्या हजेरीपटातल्या लाल खुणेपर्यंत एकच नळी आहे, वाचकहो, मध्ये फक्त वळणे आहेत.

आकड्यांत सांगतो. मोठा फवारा मिनिटाला सहज 15 लिटर पाणी टाकतो. 10 मिनिटांची अंघोळ म्हणजे 150 लिटर. आपल्या देशात भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी दिवसाला 135 लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे; पिणे, रांधणे, कपडे, भांडी, सारे त्यात आले. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी धरले 55 लिटर. म्हणजे एका माणसाने एका अंघोळीत खेड्यातल्या जवळजवळ तिघांचा दिवस गटारात सोडला! आणि हे त्याच महाराष्ट्रात, जिथे 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरकरांना मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले.

“पैसा आमचा, न्हाणीघर आमचे, तुम्ही कोण?” असा प्रश्न कोणी करील. न्हाणीघर तुमचे, कबूल. नळही तुमचा. पण त्यातून येणारे पाणी महानच्या धरणाचे आहे, आणि त्यावर त्या मुलीचाही नळ आहे. दुसरा आक्षेप असा येईल की दुकानदारानेही पोट भरायचे की नाही? जरूर भरावे. मी विक्रीच्या विरुद्ध नाही, मुक्या विक्रीच्या विरुद्ध आहे. तिसरा म्हणेल, दिवसभर उन्हात राबून आलेल्याने सुखाची अंघोळ करू नये काय? हा आक्षेप मला सर्वांत जवळचा आहे, कारण आमच्या मे महिन्याचे ऊन मला माहीत आहे. अवश्य करावी. पण भरलेली बादली, पितळी तांब्या आणि वेळ, यांनी ते सुख येते. कमी पाण्यात नीट धार देणारे नळही आहेत. 2022 साली केंद्र सरकारने ‘भारत टॅप’ या नावाने अशाच नळांचा पुरस्कार केला. ते नळ दिव्यांच्या झोतात का नसतात, हे दुकानदारांना विचारा.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली: दुकानात मांडलेला प्रत्येक फवारा अडीच मीटर उंचीच्या टाकीला जोडून गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवावा. मग लुक बघू! दुसरी: किमतीच्या चिठ्ठीवर मिनिटाला किती लिटर, किती दाब हवा आणि खाऱ्या पाण्यात काय निगा राखावी, या तीन गोष्टी मराठीत लिहाव्यात. तिसरी आपल्यासाठी आहे: प्लंबरला नळ घ्यायच्या आधी बोलवा, सल्ल्याचे पैसे वेगळे द्या, आणि मजुरीत घासाघीस करू नका. आयटीआयमध्ये या कामाचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ती विद्या आहे, हमाली नव्हे. विद्येला दक्षिणा दिली की तिला कूपन खरवडावे लागणार नाही.

आमच्याच वऱ्हाडात, शेंडगावला, 1876 साली एक पुरुष जन्मला. डोक्यावर गाडगे, हातात खराटा, अंगावर चिंध्या. त्याने या मातीला स्वच्छतेचा धडा शिकवला, आणि त्याच पूर्णेच्या काठी ऋणमोचनला घाट बांधला. स्वतःच्या न्हाणीघरासाठी नव्हे, येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्यांनी पाण्यापर्यंत नीट उतरावे म्हणून. 1956 साली गाडगेबाबा गेले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ अमरावतीत आहे. त्यांचे गाडगे मात्र आपण शोभेच्या कपाटात ठेवले आहे, सोनेरी नळाच्या शेजारी.

आमचा बंब अजून माळ्यावर आहे. यंदा तो खाली काढला, चिंचेने घासला. फवाऱ्याची बुजलेली भोके मी उघडली नाहीत. प्लंबरला बोलावून त्या जागी साधी तोटी बसवून घेतली. त्याने पाचशे सांगितले, मी पाचशे दिले. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, “गुरुजी, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळून राह्यला. रोज दोन-तीन हंडे पानी जात असन. आधीच दिसला होता मले.”

आधीच दिसला होता! यंदा त्याने तो सांगितला. तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. अभ्यंगस्नान करा, उटणे भरपूर लावा. आणि पाणी मात्र तांब्याने घ्या.