उतारा

दीपोत्सवाच्या या दिवसांत, दिवेलागण झाली की उंबरठ्यावरच्या पणतीपेक्षा जिन्यावरच्या पावलांकडेच ज्या घरांतील साऱ्यांचे कान लागलेले असतात, त्या घरांचे स्मरण ठेवून यंदाच्या अंकाचा प्रमुख विभाग आम्ही व्यसनमुक्तीस दिला आहे.

मुंबई दारूबंदी कायदा 1949 साली झाला. त्यान्वये परवाने निघाले, जप्त्या झाल्या, मुचलके लिहून घेतले गेले, आणि घरोघरी लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथाही वाहिल्या गेल्या. परंतु ज्या दुःखावर उतारा म्हणून मनुष्य पेला हाती घेतो, त्या दुःखाची दाद कोणत्याही दप्तरी लागली नाही.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेली कोवळी मुले तेथे येऊ लागली. गर्द सुटताना अंग मोडून येते, पोटात मुरडा उठतो, झोप उडते. ही 'टर्की' औषधोपचाराने काही दिवसांत ओसरते. खरे कष्टाचे काम त्यानंतरचे, कारण शरीर निवळले तरी बापाच्या धाकाची, नापासाच्या लाजेची वा गिळून टाकलेल्या शोकाची जी कळ पहिल्या झुरक्याने बोथट झाली होती, ती पुन्हा जागी होते, आणि मनाला तर तोच एक इलाज पाठ झालेला असतो.

ही कळ उकलू पाहणाऱ्या एका गटसभेत आम्ही बसलो होतो. पन्नाशीचे एक गृहस्थ चहाचा कप दोन्ही हातांनी धरून होते, तरी चहा हिंदकळत होता. समुपदेशकाने "का पिता?" असे विचारले नाही, "परवा पुन्हा घेतलीत, त्याच्या आधीच्या तासाभरात काय झालं?" एवढेच विचारले. बराच वेळ गेला. मग ते म्हणाले, "मुलगा 'बाबा' न म्हणता नुसताच 'अहो' म्हणाला." ज्या घसरणीवर घरात आकांत झाला असेल, तिचाच माग काढीत ते दोघे त्या क्षणापर्यंत येऊन पोहोचले होते, मानसोपचाराची याहून मोठी किमया आम्हांस ठाऊक नाही.

व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी मुक्तांगणात 'सहचरी' हा गट आहे. पगाराचे पैसे तांदळाच्या डब्यात दडवीत ज्यांनी वर्षे काढली, त्यांनाही कोणी तरी विचारावे लागते की, बाई, तुमचे काय?